प्रार्थनामंदिर आणि शस्त्र



तुकईथडच्या आसपासच्या डोंगरपट्टीत, जेथे निमाड संपत येतो आणि मेळघाटाचे रान जवळ येते, तेथे घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर कुऱ्हाड असणे ही रोजची गोष्ट आहे. ती कोणावर उगारण्यासाठी नसते. लाकूडफाटा तोडावा लागतो, वाटेत काटेरी झुडपे आडवी येतात, आणि अंधार पडल्यावर अस्वलाचे भय असते. लांबच्या वस्त्यांवरून उपासनेस येणारे बांधव ती कुऱ्हाड बाहेर भिंतीला टेकवून ठेवतात, पायांतली वहाण काढतात आणि मग आत येतात. असे करा म्हणून त्यांस कोणी सांगितल्याचे आम्हांस आठवत नाही. पंचमंडळीने तसा ठरावही कधी केलेला नाही.

ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली होती की तिच्याकडे आमचे लक्षही नसे. परंतु नाताळच्या तयारीसाठी भरलेल्या एका बैठकीत एका तरुण भावाने आम्हांस प्रश्न विचारला. ठिकठिकाणी उपासनेत माणसे घुसतात, मारहाण होते, हे तो मोबाईलवर पाहत होता. तो म्हणाला, "उद्या आपल्याकडे कोणी आले तर आमच्या आया-बहिणींना मार खाताना पाहत आम्ही हात जोडून बसायचे काय? आतल्या खोलीत चार काठ्या आणि एकदोन तलवारी ठेवल्या तर त्यात पाप कोणते?" बैठकीत शांतता पसरली. वडीलधाऱ्यांपैकी कोणी त्यास रागावले नाही, आणि कोणी त्यास होकारही दिला नाही. आम्हांसही त्या क्षणी उत्तर सुचले नाही. घरी जाऊन पवित्र शास्त्र उघडून बसावे लागले. त्या अभ्यासातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की त्या तरुणाचे भय पोकळ नव्हते. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातील मनोहरपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा व सहा वर्षांची दोन मुले ह्यांना गाडीत झोपलेले असताना जाळण्यात आले. २००७ च्या नाताळात आणि पुन्हा २००८ साली कंधमाळ जिल्ह्यात गावेच्या गावे उजाड झाली. २०२१ च्या डिसेंबरात, आपल्या मराठी मुलखाला लागून असलेल्या बेळगावात, हत्यार घेऊन आलेला एक मनुष्य चर्चच्या आवारात धर्मगुरूंच्या अंगावर धावून गेला. ते पळाले म्हणून वाचले. २०२३ च्या जानेवारीत छत्तीसगडच्या नारायणपुरात जमावाने चर्चची मोडतोड केली. तेव्हा "असे काही होत नाही, तू उगाच घाबरतोस," असे त्या भावास सांगणे खोटेपणाचे झाले असते. मेंढरांना लांडगा दिसत असताना लांडगा नाहीच असे सांगणारा मेंढपाळ चांगला मेंढपाळ नव्हे.

शास्त्रातही त्याच्या बाजूने बोलणारी वचने आहेत, आणि ती झाकून ठेवून त्यास उत्तर देणे आम्हांस योग्य वाटत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात रात्री घर फोडणारा चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही (निर्गम २२:२). नहेम्याने यरुशलेमेचा कोट बांधताना लोकांच्या एका हाती काम व दुसऱ्या हाती शस्त्र दिले (नहेम्या ४:१७). यहोयादा याजकाने बाल योवाश राजाचे रक्षण करण्यासाठी लेव्यांना शस्त्रे देऊन मंदिरातच उभे केले. इतकेच नव्हे, तर दावीद राजाचे भाले व ढाली देवाच्या घरातच ठेवलेल्या होत्या (२ इतिहास २३:७-१०). आणि वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभूने स्वतःच शिष्यांना सांगितले की, ज्याच्याजवळ तलवार नाही त्याने आपला झगा विकावा आणि ती घ्यावी (लूक २२:३६).

परंतु ही वचने पुढे वाचली म्हणजे प्रत्येकाला एक मर्यादा घातलेली दिसते. निर्गमातील तोच नियम पुढच्या वचनात सांगतो की सूर्य उगवल्यावर चोराला मारले तर तो रक्तपात होय. म्हणजे दुसरा मार्ग उरलेला नसताना घडलेली गोष्ट वेगळी, आणि उजेडात, विचारपूर्वक केलेली गोष्ट वेगळी. नहेम्या हा राजाने नेमलेला अधिकारी होता आणि तो नगराचा कोट बांधीत होता; शिवाय त्या अध्यायात ती शस्त्रे कोणावर चालल्याची नोंद नाही. यहोयादाने तर शस्त्रे हाती असतानाही अथल्येला परमेश्वराच्या मंदिरात मारू नका, असे बजावले (२ इतिहास २३:१४).

आणि प्रभूच्या त्या तलवारीचे काय झाले? शिष्यांनी दोन तलवारी दाखविल्या, आणि त्या पुरेत असे प्रभू म्हणाला. अकरा माणसांना, सैनिक व मंदिराचे शिपाई चालून येत असताना, दोन तलवारी रक्षणासाठी पुरतील काय? पुढच्याच घटकेस त्याचा उलगडा झाला. पेत्राने तलवार चालवली आणि मल्ख नावाच्या दासाचा कान तोडला. प्रभूने ती तलवार म्यानात घालावयास लावली आणि त्या दासाचा कान बरा केला. वधस्तंभापूर्वी प्रभूच्या हातून झालेला हा शेवटचा आरोग्यदानाचा चमत्कार, आणि ती जखम कोणा शत्रूने केलेली नव्हती. ती त्याच्या शिष्याने, त्याचेच रक्षण करण्याच्या हेतूने केलेली होती. बंधूंनो, ह्या गोष्टीवर आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. पेत्राचे प्रभूवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्याच्या प्रेमाने केलेली जखम प्रभूला बरी करावी लागली.

आता देवाच्या घराविषयी शास्त्र काय सांगते ते पाहू. वेदीसाठी घडीव दगड नको, कारण त्यावर हत्यार चालवले तर ती भ्रष्ट होते, अशी आज्ञा आहे (निर्गम २०:२५). शलमोनाचे मंदिर बांधले जात असता तेथे हातोडा, कुऱ्हाड किंवा कोणत्याही लोखंडी हत्याराचा आवाज ऐकू आला नाही (१ राजे ६:७). आणि ज्या दावीदाला ते मंदिर बांधण्याची मनापासून इच्छा होती त्याला परमेश्वराने परवानगी दिली नाही, कारण त्याने पुष्कळ रक्त सांडले होते (१ इतिहास २२:८). दावीदाच्या लढाया शास्त्राने पाप म्हणून मोजल्या आहेत असे नाही. तरीसुद्धा लढणारा हात आणि देवाचे घर उभारणारा हात एक नसावा, अशी देवाची इच्छा दिसते. आमचे डोंगरातले बांधव कुऱ्हाड बाहेर ठेवतात तेव्हा ही वचने त्यांना तोंडपाठ नसतील, परंतु त्यांच्या पायांना ती ठाऊक आहेत.

येथे कोणी विचारील की, आपले शीख बंधू कृपाण धारण करून गुरुद्वारात जातात, आणि भारताच्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने त्यांना तो हक्क दिला आहे. मग आम्हांसच संकोच का? शिखांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. त्यांच्या गुरूंनी त्यांना ती खूण दिली. आमच्या गुरूने आम्हांस दिलेली खूण वधस्तंभाची आहे. आपल्या गुरूची खूण प्रत्येकाने प्रामाणिकपणे वागवावी.

आणखी एक विचार करावा. शस्त्र कोपऱ्यात पडून राहत नाही; ते माणसाची नजर बदलते. ज्याच्या कमरेला हत्यार आहे तो उपासनेच्या वेळी वेदीकडे पाहणार नाही, दाराकडे पाहील. अनोळखी मनुष्य आत आला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येईल, "हा कोण? ह्याच्या पिशवीत काय आहे?" पौलाने करिंथकरांस लिहिताना अपेक्षा धरली होती की बाहेरचा मनुष्य मंडळीत यावा, तेथील संदेशाने त्याच्या अंतःकरणातील गुपिते उघडी व्हावीत आणि त्याने देवाला नमन करावे (१ करिंथ १४:२४-२५). आपल्या दाराशी येणारा मनुष्य कधी चौकशीला आलेला असतो, कधी दारू प्यालेला असतो, कधी रुसून गेलेला आपलाच भाऊ असतो. त्या सर्वांचे स्वागत आम्ही तलवारीवर हात ठेवून करणार काय?

आणि खरे बोलावयाचे तर, खोलीत ठेवलेले शस्त्र पहिल्याने कोणावर उठेल ह्याची आम्हांस अधिक भीती वाटते. पंचमंडळीच्या निवडणुकीत, मिशनच्या जागेच्या वादात, पाळकांच्या बदलीवरून आपल्या मंडळ्यांत कशी हमरीतुमरी होते हे वाचकांस ठाऊक आहे. बाहेरचा शत्रू वर्षानुवर्षे येणारही नाही. पण आतला तंटा दर वार्षिक सभेला येतो. त्या दिवशी आतल्या खोलीत तलवार नसलेली बरी.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि शासनाने जाहीर केलेल्या क्षेत्रात तलवार, भाला अशा शस्त्रांनाही परवाना लागतो. शेतीच्या व घरच्या कामाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. म्हणूनच आमच्या बांधवांची कुऱ्हाड गुन्हा ठरत नाही. परंतु मंदिराच्या खोलीत दडवलेली तलवार हे शेतीचे अवजार नव्हे. मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकांकडे संशयाने पाहण्याची परंपरा जुनी आहे. १९५६ साली नियोगी समितीचा अहवाल आला, १९६८ साली धर्मांतरासंबंधी कायदा झाला, आणि त्याच्या जागी २०२१ साली अधिक कडक कायदा आला. अशा प्रांतात एका मंडळीत एक तलवार सापडली तर तिचे उत्तर शंभर मंडळ्यांना द्यावे लागेल. आपल्या निरपराधीपणाची साक्ष आपणच का पुसावी?

इतके वाचून तो तरुण भाऊ म्हणेल, "म्हणजे भित्र्यासारखे बसा, असेच ना?" नाही. असे आमचे मुळीच म्हणणे नाही. स्वतःचा सूड न घेणे ही एक गोष्ट. दुर्बलाचे रक्षण करणे ही दुसरी. आणि अधिकाऱ्याने गुन्हेगाराला आवरणे ही तिसरी. ह्या तिन्हींची गल्लत झाली म्हणजे मनुष्य एक तर भित्रा होतो नाही तर हिंसक होतो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सूड देवावर सोपवण्यास सांगितले आहे, आणि लगेच तेराव्यात अधिकाऱ्याच्या हातची तलवार व्यर्थ नाही असे सांगितले आहे. तलवार आहे, पण ती मंडळीच्या हाती दिलेली नाही.

प्रेषित पौलाचे उदाहरण घ्या. चाळीसांहून अधिक माणसांनी त्याला ठार मारण्याची शपथ घेतली. पौलाच्या भाच्याला तो कट कळला. पौलाने शिष्यांना शस्त्रे जमवावयास सांगितले नाही, आणि "देवाची इच्छा" म्हणून तो गप्पही बसला नाही. त्याने भाच्याला सरदाराकडे पाठवले. त्या रात्री दोनशे शिपाई, सत्तर घोडेस्वार आणि दोनशे भालेकरी ह्यांच्या पहाऱ्यात तो कैसरीयाकडे निघाला (प्रेषितांची कृत्ये २३). एज्राला मात्र राजाकडे शिपाई मागण्याची लाज वाटली, आणि तो उपास व प्रार्थना करून वाटेस लागला (एज्रा ८:२२-२३). दोघेही विश्वासू होते. रक्षण मागणे हा अविश्वास नव्हे, न मागणे हा मूर्खपणा नव्हे.

आपल्या भागातील इतिहासही हेच सांगतो. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या मिशनमध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी ह्या पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा शहरात मोठी खळबळ माजली. प्रकरण न्यायालयात गेले. तेथे धनजीभाईस त्याच्या मर्जीप्रमाणे जाण्याची मोकळीक मिळाली, आणि तो पुढे पाळक झाला. आमच्या पूर्वजांपैकी अनेकांना घर, जात, मालमत्ता सोडावी लागली. परंतु आपली वाट त्यांनी न्यायालयात आणि गुडघ्यांवर शोधली. ग्लॅडिस स्टेन्सबाईंनी पती व मुलांच्या मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. तरी खटला चालला, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. क्षमेने कायद्याचा हात धरला नाही, आणि कायद्याने क्षमेचे तोंड बंद केले नाही.

ह्यापुढचा प्रश्न मात्र कठीण आहे. पोलीस वेळेवर आलेच नाहीत तर? असे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९९३ साली दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या सेंट जेम्स चर्चवर बंदुका व हातबॉम्ब घेऊन हल्ला झाला आणि अकरा माणसे मेली. तेथे एका उपासकाने आपल्या रिव्हॉल्व्हरने उलट गोळी झाडल्यावर हल्लेखोर पळाले. २०१९ साली अमेरिकेतील टेक्सास प्रांतात एका चर्चमध्ये बंदूकधाऱ्याने दोघांना मारले, आणि काही सेकंदांत मंडळीच्या एका स्वयंसेवकाने त्याला टिपले. शस्त्राने तेथे जीव वाचले, हे आम्ही कबूल करतो. त्या बांधवांचा न्याय करण्यास आम्ही कोण? आपल्या देशाच्या कायद्यानेही, पूर्वी भारतीय दंड विधानात आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ ह्या कलमांत, स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र लागेल त्यापेक्षा अधिक इजा करू नये आणि शासनाकडे धाव घेण्यास अवसर असेल तर ती घ्यावी, अशी त्यास मर्यादा आहे. लेकरावर कोणी हात उगारला आणि जवळच्या भावाने तो हात धरला, पिरगळला, त्यास खाली पाडले, तर त्या भावास आम्ही दोष देणार नाही. परंतु त्या क्षणी हात धरणे वेगळे, आणि रविवारमागून रविवार मनुष्य मारण्याची तयारी करून देवाच्या घरात बसणे वेगळे. पहिल्यात प्रेम धावून जाते. दुसऱ्यात भय आपल्या मनात घर बांधते.

तर मग करावयाचे काय? शास्त्रात त्यासाठी एक जुने सेवापद आहे, ते म्हणजे द्वारपाळाचे. लेव्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या घराच्या दारांवर रात्रंदिवस पहारा केला (१ इतिहास ९:१७-२७). कोरहाच्या वंशजांच्या स्तोत्रात तर दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या घराचा उंबरठा राखणे अधिक आवडीचे म्हटले आहे (स्तोत्र ८४:१०). २०१९ च्या ईस्टरला, २१ एप्रिल रोजी, श्रीलंकेतील बट्टिकलोआ येथील झायन चर्चच्या दाराशी पाठीवर ओझे घेतलेला एक अनोळखी मनुष्य आला. मंडळीतील एका भावास संशय आला. त्याने त्यास आत जाऊ दिले नाही, बाहेरच थोपवले. बॉम्ब बाहेर फुटला. पुष्कळांचा जीव गेला, त्यांत मुलेही होती, आणि तो भाऊही गेला. परंतु आत बसलेली शेकडो माणसे वाचली. त्याच्या हाती शस्त्र नव्हते. त्यास भित्रा म्हणण्याची कोणाची छाती आहे?

म्हणून आमची मंडळ्यांना नम्र सूचना आहे. दोन दोन प्रौढ बांधवांनी पाळीने दाराशी उभे राहावे, येणाऱ्याचे हसतमुखाने स्वागत करावे आणि त्याच्याकडे नीट पाहावे. आवारात दिवा असावा. दुसरे दार आतून सहज उघडेल असे ठेवावे, आणि लेकरांना त्या दाराजवळ बसवावे. ठाण्याचा आणि ११२ हा क्रमांक सर्वांच्या मोबाईलमध्ये असावा. नाताळापूर्वी ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. काही घडलेच तर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. भिऊन ती गिळून टाकू नये. पळून वाचता येत असेल तर पळावे. पौलाला शिष्यांनी टोपलीत बसवून कोटावरून खाली सोडलेच होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरपंच, कोटवार, शेजारीपाजारी ह्यांच्याकडे वर्षभर जाणे-येणे ठेवावे. कंधमाळात जे वाचले त्यांतील अनेकांना हिंदू शेजाऱ्यांनी घरात लपवले होते. नारायणपुरात जमावाला आवरताना जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांचेच डोके फुटले. आपले रक्षण करणारे हात पुष्कळदा मंडळीच्या बाहेरचे असतात. त्यांस परके करून टाकणारे शस्त्र आपण का धरावे?

ह्या सर्व उपायांनी हल्ला होणारच नाही असे वचन आम्ही देऊ शकत नाही. २०१३ साली पेशावरच्या ऑल सेंट्स चर्चमधून उपासना आटोपून बाहेर पडणारे ऐंशीपेक्षा अधिक लोक बॉम्बस्फोटात मेले. तेथे बंदूकधारी पहारेकरी असूनही ते टळले नाही. शस्त्र ठेवणाऱ्यालाही खात्री नाही, न ठेवणाऱ्यालाही नाही. फरक इतकाच की आपण कोणाचे आहोत हे मरतानाही ओळखू यावे.

पुढच्या बैठकीत आम्ही त्या तरुण भावास उत्तर दिले. आम्ही म्हणालो, "तुझा प्रश्न चांगला होता. हात जोडून आत बसू नकोस. दाराशी उभा राहा. पण रिकाम्या हातांनी राहा. आणि तू एकटा राहू नकोस. पहिली पाळी आम्हां चाळिशी-पन्नाशीतल्यांची, कारण आमची लेकरे मोठी झाली आहेत; तुझी अजून व्हावयाची आहेत." तो काही वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने विचारले, "पाळी किती वाजता सुरू होते?"

त्या नाताळच्या रात्री कुऱ्हाडी नेहमीप्रमाणे बाहेर भिंतीला टेकून होत्या, आणि त्यांच्याजवळ दोघे जण घोंगडी पांघरून उभे होते. आपल्या सर्व मंडळ्यांना असे द्वारपाळ मिळोत, आणि जो स्वतःच मेंढरांचे दार आहे तो प्रभू आपले बाहेर जाणे व आत येणे राखो. आमेन.